कामगार का राहतो, का जातो : तंजावूरचा दाखला

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर आणि जोत्यावर जे तमिळ शिलालेख कोरलेले आहेत, त्यांत देवाला अर्पण केलेल्या मूर्ती, दागिने आणि जमिनी यांच्या याद्या आहेत. त्याचबरोबर मंदिराच्या सेवेत असलेल्या माणसांच्या याद्याही आहेत. पहिला राजराज चोळ (९८५ ते १०१४) याने हे मंदिर बांधविले आणि ते १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. राज्यातील निरनिराळ्या देवळांतून चारशे नर्तिका आणून मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर त्यांना घरे दिली गेली आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भाताचा एक वाटा ठरवून दिला गेला. कलम हे धान्याचे जुने तमिळ माप होय. याच व्यवस्थेत गायक, वादक, हिशेबनीस यांच्याबरोबर शिंपी, सुतार, कासार, सोनार अशा कारागिरांचेही वाटे नोंदविलेले आहेत.

या लेखातील एक अट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. वाटा धारण करणारा माणूस मरण पावला किंवा देश सोडून गेला, तर त्याच्या सर्वांत जवळच्या नातलगाने तो वाटा घ्यावा आणि ते काम करावे. नातलग त्या कामास लायक नसेल, तर त्याने लायक माणूस निवडून त्याच्याकडून काम करवून घ्यावे. या अटीत गुलामगिरीची भाषा नाही, तशीच निष्ठेची स्तुतीही नाही. माणसे मरतात तशी काम सोडून निघूनही जातात, हे येथे गृहीतच धरलेले आहे. काम अखंड चालावे यासाठी शासनाने मिळकत व्यक्तीला न जोडता कामाला जोडली, आणि कुटुंबाला त्या मिळकतीत हितसंबंध निर्माण करून दिला.

हजार वर्षांपूर्वीच्या या व्यवस्थेत जो प्रश्न दिसतो, तोच प्रश्न आजच्या कारखान्यापुढेही उभा असतो. वस्तू तयार करणारा माणूस एका जागी का टिकतो? तो का निघून जातो? या प्रश्नाचे सोपे उत्तर ‘पैसा’ असे दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तंजावूर आणि त्याच्या भोवतीचा कावेरीचा त्रिभुज प्रदेश यांचा इतिहास पाहिला, तर या उत्तराच्या किती बाजू आहेत हे ध्यानात येते.

जागा सोडणे आणि धंदा सोडणे

सोडून जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. काही माणसे धंदा तोच ठेवून जागा बदलतात. काही माणसे जागा तीच ठेवून धंदा बदलतात. भारतात या दोन्हींचा एकत्र पुरावा देणारा एक प्राचीन लेख मध्य प्रदेशातील मंदसोर येथे आहे. इसवी सन ४७३ मधील या लेखात रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, दशपुरास येऊन स्थायिक झाल्याचे सांगितले आहे. तेथे त्यांनी सूर्याचे मंदिर बांधले. त्यांच्यापैकी काहींनी विणकाम चालू ठेवले. इतरांनी धनुर्विद्या, ज्योतिष, कथाकथन असे व्यवसाय पत्करले. एकच समाज, एकच स्थलांतर. तरीही नव्या गावात पुढे निरनिराळ्या संधी दिसताच काहीजण मागाशी राहिले व काहीजण मागापासून दूर गेले.

तंजावूर आणि कुंभकोणम् येथील सौराष्ट्र समाजाचा इतिहासही अशाच प्रवासाचा आहे. रेशमी सूत विणणारे म्हणून तमिळ लोक त्यांना ‘पट्टनूलकारर’ म्हणतात. त्यांची घरातील भाषा भारतीय-आर्य कुलातील आहे, आणि गुजराती व मराठी यांच्याशी तिचे साम्य ऐकणाऱ्यास सहज जाणवते. राजवटी बदलल्या, बाजार बदलले, तसे हे विणकर दक्षिणेकडे सरकत आले. त्यांनी गाव, प्रांत आणि सभोवतालची भाषा बदलली, पण माग सोडला नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. विणकराचे कौशल्य हीच त्याची पूंजी असते. ती त्याच्या हातात असते आणि हात कोठेही नेता येतात. जो माल राजदरबारी, देवळात आणि लग्नकार्यात सर्वत्र लागतो, त्याच्या कारागिराला कोणत्याही एका आश्रयदात्याची कायमची गरज नसते.

निघून जाण्याची शक्ती

ही फिरती पूंजी अठराव्या शतकातील विणकराच्या हाती मोठे शस्त्र होते. दक्षिण भारतातील विणकर व्यापाऱ्याकडून उचल घेऊन काम करीत. उचल म्हटली की आज आपल्या मनात बांधिलकीची कल्पना येते. पण त्या काळी करार विणकराच्या बाजूने झुकलेला असे. प्रसन्नन पार्थसारथी यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासग्रंथात दाखवून दिले आहे की, विणकर उचल परत करून करार केव्हाही मोडू शकत असे, मात्र व्यापाऱ्याला दिलेली उचल मनास येईल तेव्हा परत मागता येत नसे. वाद विकोपाला गेल्यास विणकर गाव सोडून दुसऱ्या राजाच्या हद्दीत जात. राजेही करांत सवलती देऊन त्यांना आपल्याकडे ओढत. कारागीर दुर्मीळ होता आणि आश्रयदाते अनेक होते, म्हणून कारागिराला मान होता.

ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल बसला तेव्हा हा तोल फिरला. राज्य आणि खरेदीदार ही दोन्ही नाती एकाच हाती आली. कंपनीने मध्यस्थ व्यापारी दूर केले, विणकराच्या कराराची अंमलबजावणी सत्तेच्या बळावर सुरू केली आणि दुसऱ्याला माल विकण्यास प्रतिबंध केला. विणकर राहिला, पण त्याच्या राहण्याचा अर्थ बदलला. पूर्वी तो राहत असे कारण जाता येत असूनही जावेसे वाटत नसे. आता तो राहू लागला कारण जाण्यास जागा उरली नव्हती. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही चित्रे सारखीच दिसतात. कामगार किती वर्षे एका जागी टिकला एवढ्या एका आकड्यावरून त्याच्या समाधानाची परीक्षा करता येत नाही, याचे कारण हेच आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली या विचाराला नेमके रूप दिले. असमाधानी माणसापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे आणि बोलणे. संस्थेविषयी आपुलकी असेल, तर माणूस जाण्यापूर्वी बोलून पाहतो. पण त्याच्या बोलण्याला वजन तेव्हाच येते, जेव्हा तो जाऊही शकतो हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. ज्याला जाता येत नाही त्याची तक्रार ऐकण्याची घाई कोणालाच नसते. विणकराच्या हातून जे गेले ते केवळ स्थलांतराचे स्वातंत्र्य नव्हते. त्याबरोबर त्याच्या शब्दाची किंमतही गेली.

दरबार संपल्यानंतर

१६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावूर घेतले आणि तेथे भोसले घराण्याचे राज्य सुरू झाले. या दरबाराची राजभाषा मराठी होती. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद याची साक्ष देतात. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी १७९९ साली राज्यकारभार कंपनीकडे सोपविला, तरी नेमणुकीच्या उत्पन्नातून त्यांनी विद्या आणि कला यांना उदार आश्रय दिला. चित्रकार, वाद्ये घडविणारे, धातूवर नक्षी उठविणारे यांची या शहरात वस्ती होती. पितळी ताटावर चांदीचे व तांब्याचे उठावदार काम बसविण्याची जी कला तंजावूरच्या नावाने ओळखली जाते, ती सरफोजी राजांच्या प्रोत्साहनाने वाढली असे सांगतात. १८५५ साली राजे शिवाजी पुत्रसंततीवाचून निधन पावले आणि कंपनीने राजपदच रद्द केले.

दरबार गेला, पण कारागीर एका दिवसात निघून गेले नाहीत. चित्रांना श्रीमंत चेट्टियार घराण्यांत आणि मध्यमवर्गीयांच्या देवघरांत गिऱ्हाईक मिळाले. वीणेला कर्नाटक संगीताच्या वाढत्या नागरी श्रोतृवर्गाचा आधार मिळाला. मालक नाहीसा झाला तरी मागणी शिल्लक राहिल्यास कारागीर टिकतो, हा याचा अर्थ होय. उलट मागणीच आटली, तर उदारातला उदार मालकही त्याला फार काळ धरून ठेवू शकत नाही.

हातातले कौशल्य : बंधन आणि आधार

काम धरून ठेवणाऱ्या कारणांत कौशल्याचे स्थान काय, हे पाहण्यासाठी दोन धंद्यांचे उदाहरण घेता येईल.

कुंभकोणम् जवळील स्वामिमलै येथे स्थपती पंचधातूच्या देवमूर्ती ओततात. मेणात राळ आणि तेल मिसळून प्रथम मूर्तीचा मेणाचा नमुना घडविला जातो. प्रमाणे मोजण्यासाठी नारळाच्या झावळीच्या पट्टीला घड्या घालून मापे ठरवितात. त्या नमुन्यावर कावेरीच्या बारीक गाळाचे पहिले लेपन होते, त्यावर जाड मातीचे थर येतात आणि मोठ्या साच्याला लोखंडी तारांनी आवळतात. साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते आणि त्याच्या जागी वितळलेला धातू ओतला जातो. थंड झाल्यावर साचा फोडतात. म्हणून प्रत्येक साचा एकदाच उपयोगी पडतो. यानंतर छिन्नी, कानस आणि घासकाम यांचे दीर्घ श्रम सुरू होतात. या कामाला कावेरीची विशिष्ट माती लागते. स्थपती या नदीकाठी रुजले त्याचे एक कारण त्यांच्या पायाखालीच होते.

तंजावूरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. पोकळ कुंभ, दांडी आणि टोकाचे याळीचे मुख असे तिचे भाग. ते एकाच ओंडक्यातून कोरले तर त्या वीणेला अधिक प्रतिष्ठा असते. दांडीवर मेण आणि कोळशाची पूड यांचे मिश्रण बसवून त्यात पितळेचे चोवीस पडदे रोवतात. वाजविण्याच्या चार आणि तालाच्या तीन अशा सात तारा असतात. पडदा किंचित पुढेमागे झाला तरी स्वर बिघडतो. हे बसविणाऱ्याला केवळ सुतारकाम येऊन भागत नाही. त्याला कानही असावा लागतो.

अशी विद्या शिकण्यास अनेक वर्षे जातात आणि त्या वर्षांत मिळकत अल्प असते. अर्थशास्त्रात गॅरी बेकर यांनी १९६४ साली एक उपयुक्त भेद स्पष्ट केला. काही कौशल्ये कोणत्याही कारखान्यात चालतात, काही केवळ एकाच जागी. वितळजोडणी करणारा कामगार आपले कौशल्य घेऊन कोठेही जाऊ शकतो. ज्याला एकाच कारखान्यातील एका जुन्या यंत्राच्या खोडी ठाऊक आहेत, त्याचे ज्ञान दाराबाहेर पडताच निरुपयोगी होते. अशा ज्ञानामुळे कामगार आणि मालक एकमेकांना बांधले जातात : कामगाराला तेवढे वेतन अन्यत्र मिळत नाही, आणि मालकाला तेवढा जाणता माणूस मिळत नाही. स्थपती आणि वीणा घडविणारा या दोन टोकांच्या मध्ये येतात. त्यांचे कौशल्य एका मालकापुरते मर्यादित नसते, पण एका बाजारपेठेपुरते मात्र असते. ती बाजारपेठ चांगली चालली तर ते मोठ्या मानाने राहतात. ती मंदावली तर त्यांनी खर्चिलेली वर्षे त्यांच्याबरोबर दुसरीकडे नेता येत नाहीत.

म्हणून अशा धंद्यांत गळती पन्नाशीच्या कारागिरांत कमी दिसते आणि ती पुढच्या पिढीत दिसते. बाप धंदा सोडीत नाही. मुलगा तो धरीत नाही. शाळा-महाविद्यालयात गेलेल्या मुलापुढे दोन हिशेब असतात. एकीकडे दहा वर्षांची उमेदवारी आणि नगावर मिळणारी मजुरी, दुसरीकडे लहान का होईना पण दरमहा ठरावीक तारखेला मिळणारा पगार. येथे रकमेइतकेच महत्त्व नियमितपणाला असते. विवाह जुळविताना, कर्ज काढताना आणि घर भाड्याने घेताना महिन्याचा पगार हा विश्वासाचा पुरावा मानला जातो. नगावरच्या मजुरीला, ती एकूण अधिक भरली तरी, हा मान मिळत नाही.

वेतन वाढविल्याने काय साधते

कारखान्यातील गळतीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला तंजावूरपासून फार दूरचा आहे. अमेरिकेतील डेट्रॉइटजवळ हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर मोटारींची जुळणी सुरू झाली. कामाचे तुकडे झाले, वेग वाढला आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच हालचाल दिवसभर करणे आले. त्या वर्षी सुमारे १४,००० कामगारांची संख्या कायम राखण्यासाठी कारखान्याला वर्षभरात ५०,००० हून अधिक माणसे नेमावी लागली. गळतीचे प्रमाण ३७० टक्के होते. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी नऊ तासांऐवजी आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलर रोज जाहीर केला. तोपर्यंत रोज अडीच डॉलरांहूनही कमी होता. गळती झपाट्याने उतरली.

यावरून वेतन वाढविले की माणूस राहतो, असा निष्कर्ष काढला जातो. तो खरा आहे; मात्र त्याबरोबर दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. काम पूर्वीइतकेच कंटाळवाणे राहिले. वाढीव वेतन हा त्या कंटाळ्याचा मोबदला होता. शिवाय पाच डॉलरांतील सुमारे निम्मी रक्कम नफ्यातील वाटा म्हणून दिली जाई आणि ती मिळण्यासाठी कामगाराचे घरगुती वर्तन कंपनीच्या निरीक्षकांना पसंत पडावे लागे.

जेव्हा कारखानाच निघून जातो

आतापर्यंत जाणारा तो कामगार असे धरून विचार केला. तंजावूर जिल्ह्याच्या इतिहासात याच्या उलट प्रसंगही आहे. नागपट्टिणम् हे बंदर १९९१ पर्यंत तंजावूर जिल्ह्यात होते. तेथे साउथ इंडियन रेल्वेचा कारखाना होता. १९२० च्या दशकात कंपनीने आपले विखुरलेले कारखाने तिरुचिरापल्लीजवळ पोन्मलै, म्हणजे गोल्डन रॉक, येथे एकत्र करण्याचे ठरविले. त्याबरोबर कामगारांची संख्या कमी करावयाची होती. कोणाला ठेवावे हे ठरविण्यासाठी जुन्या, मुरलेल्या कामगारांचीही कामाची परीक्षा घेण्याचा बेत झाला. जुलै १९२८ मध्ये या धोरणाविरुद्ध मोठा संप झाला. तो मोडला गेला आणि सिंगारवेलु यांच्यासह काही नेत्यांना कारावासाच्या शिक्षा झाल्या.

या प्रसंगात कामगारांना सर्वांत अधिक काय झोंबले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. ज्याने वर्षानुवर्षे इंजिने दुरुस्त केली, त्याला आपण काम जाणतो हे पुन्हा सिद्ध करण्यास सांगितले जात होते. पूर्वीची सेवा जमेस धरली जात नव्हती. एका जागी टिकून राहण्याला काही किंमत आहे असे कामगाराला वाटत असते, आणि व्यवस्थापनाने ती किंमत शून्य ठरविली की राहिलेल्या कामगारांचाही विश्वास ढळतो. कपातीनंतर ज्यांची नोकरी वाचली तेही दुसरीकडे पाहू लागतात, असा अनुभव अनेक उद्योगांत येतो.

मुंबईच्या गिरणीचा धडा

हिंदी मजूर मुळात शेतकरी आहे, त्याचे मन गावात असते, म्हणून तो कारखान्यात टिकत नाही, असे मत विसाव्या शतकाच्या प्रारंभी मालकवर्गात रूढ होते. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल सादर केलेल्या व्हिटली आयोगाने या प्रश्नाचा विचार केला. मजुराला शहर ओढीत नाही, गावातील दारिद्र्य त्याला ढकलते, असे आयोगाला दिसून आले. गावाशी असलेला संबंध तोडू नये, तो नियमित करावा, असेही आयोगाने सुचविले. आजारपणात, बेकारीत आणि म्हातारपणी गाव हाच मजुराचा विमा होता.

मुंबईच्या गिरण्यांत गळतीचे एक कारण गिरणीच्या आतच होते. माणसे नेमण्याचे आणि काढण्याचे काम जॉबर किंवा मुकादम करी. प्रत्येक नव्या नेमणुकीवर त्याला दस्तुरी मिळे. नेमणुका जितक्या वारंवार, तितकी दस्तुरी अधिक. म्हणजे गळतीतच त्याचा फायदा होता. मजुराच्या चंचल स्वभावावर जे खापर फोडले जाई, त्यातील बराच भाग या पद्धतीचा परिणाम होता. १९३५ साली मुंबईत बदली कामगारांची नोंदणी आणि नियंत्रण सुरू झाले, ते अशा मनमानीला काही आळा बसावा म्हणून. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईचा गिरणी कामगार कारखान्याला अपरका होता हे मत खोडून काढले. त्याच्या अस्थिरतेचे मूळ त्यांना गिरण्यांच्या व्यवस्थेत आढळले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा जो संप सुरू झाला, त्यानंतर अनेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या. तीन-तीन पिढ्या गिरणीत काढलेली कुटुंबे तेव्हा कोकणात आणि देशावर परतली. ती स्वतःहून गेली नव्हती. जाण्याचा निर्णय त्यांच्यासाठी इतरांनी घेतला होता.

उशिरा मिळणारे वेतन

माणसाला धरून ठेवण्याची एक जुनी युक्ती म्हणजे त्याच्या श्रमाचा काही मोबदला पुढे ढकलणे. राजराजाच्या मंदिरातील वारसाहक्काचा वाटा हे तिचेच एक रूप होते. आधुनिक कायद्याने तिला निश्चित आकार दिला. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा, १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा आणि १९७२ साली उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा झाला. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांच्या अखंड सेवेनंतर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन हा कामगाराचा हक्क ठरविला. चौथ्या वर्षी नोकरी सोडण्याच्या विचारात असलेला कामगार आणखी एक वर्ष थांबतो, याचे स्पष्टीकरण या अटीत सापडते. त्याच अटीमुळे काही मालक पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच कामगार बदलणे पसंत करतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतबंद नेमणुकीची मुदत संपल्यास ही पाच वर्षांची अट लागू होत नाही, असा बदल करण्यात आला.

हीच युक्ती कायद्याच्या संरक्षणाबाहेर वापरली तर तिचे रूप पालटते. तमिळनाडूच्या पश्चिम भागातील सूतगिरण्यांत तरुण मुलींना काही ठरावीक वर्षे, बहुधा तीन, वसतिगृहात ठेवून काम दिले जाई आणि मुदत पूर्ण केल्यास विवाहाच्या वेळी उपयोगी पडेल अशी ठोक रक्कम देण्याचे आश्वासन असे. ही पद्धत ‘सुमंगली’ या नावाने ओळखली गेली आणि तिच्यावर कठोर टीका झाली. मुदत पूर्ण होण्यापूर्वी आजाराने किंवा अन्य कारणाने गेलेल्या मुलीला त्या रकमेस मुकावे लागे. ती रक्कम तिच्याच वेतनातून मागे ठेवलेली असली तरीही. उपदान आणि ही ठोक रक्कम यांतील फरक मूळ कल्पनेत नसून हक्कात आहे. एक रक्कम कायद्याने कामगाराची आहे आणि तिच्यासाठी दाद मागता येते. दुसरी देणे मालकाच्या मर्जीवर होते, आणि ती मिळेपर्यंत दार बंद होते.

आजचा त्रिभुज प्रदेश

तंजावूर हा आजही प्रामुख्याने भातशेतीचा प्रदेश आहे. २०२० च्या तमिळनाडू कायद्याने तो संरक्षित कृषिक्षेत्रात आला आणि धातू वितळविणारे कारखाने, चामडे कमावणे, तेल व वायूचे नवे उत्खनन अशा उद्योगांना तेथे मनाई झाली. शेतीचे पाणी आणि माती यांच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. तथापि कारखान्यात काम करू इच्छिणाऱ्या तरुणाला तिरुचिरापल्ली, तिरुप्पूर, कोइमतूर किंवा चेन्नई गाठावे लागते. तिरुचिरापल्लीत १९६० च्या दशकात भेलचा बाष्पकांचा कारखाना आणि त्याची वसाहत उभी राहिली. घर, शाळा, रुग्णालय आणि निवृत्तीनंतरची तरतूद देणाऱ्या अशा सार्वजनिक उद्योगांतील कायम कामगार सहसा निवृत्तीपर्यंत राहतो. त्याच फाटकातून आत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला यांतील थोडेच मिळते, आणि तो दुसरे कंत्राट मिळताच जातो. दोघांच्या स्वभावात फरक नसतो. त्यांच्या अटींत असतो.

कारागिरांना टिकविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. तमिळनाडू हस्तकला विकास महामंडळाचे, म्हणजे ‘पूम्पुहार’चे, स्वामिमलै येथे मूर्तींचे आणि नाच्चियारकोविल येथे समयांचे उत्पादन केंद्र आहे. तिरुभुवनम् येथे १९५५ साली रेशीम विणकरांची सहकारी संस्था स्थापन झाली. अशा संस्थेत सभासदाला रेशीम आणि जर संस्थेकडून मिळते, विणाईची मजुरी ठरलेली असते आणि विक्रीची चिंता त्याच्यावर नसते. शिवाय संस्थेचा सभासद म्हणून त्याला मत असते. भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ च्या कायद्याखाली तंजावूरच्या वीणेची २०१३ साली नोंद झाली. या नोंदीने नावाची नक्कल थांबविता येते, पण नाव राखले म्हणजे हात राखले असे होत नाही. नावामुळे मिळणारी वाढीव किंमत कार्यशाळेतील मजुरापर्यंत पोचते की दुकानातच थांबते, यावर तिचा उपयोग अवलंबून राहतो.

हिशेब कसा मांडावा

या सर्व उदाहरणांतून काही साध्या गोष्टी हाती येतात. पुरेसे वेतन ही पहिली अट आहे, आणि ते नियमित असणे जवळजवळ तितकेच महत्त्वाचे आहे. कौशल्याला मान आणि वाढीला वाव मिळाला तर माणूस कमी वेतनातही काही काळ थांबतो. मात्र तो आपल्या मुलांना थांबवीत नाही. केलेल्या सेवेची गणना होते असा विश्वास त्याला हवा असतो. तक्रार ऐकली जाते हा अनुभव हवा असतो. घर, शाळा, वृद्ध आईवडील आणि गावची माती यांचे ओझे तराजूच्या दोन्ही पारड्यांत असू शकते.

कारखानदाराने, सहकारी संस्थेने किंवा शासनाने गळतीचे आकडे पाहताना तीन प्रश्न वेगळे विचारावेत. जे गेले त्यांपैकी किती स्वतःहून गेले आणि किती घालविले गेले? जे राहिले त्यांना जाता आले असते काय? आणि कामगारांची पुढची पिढी त्याच दाराशी उभी राहते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो. स्वामिमलैच्या एखाद्या कार्यशाळेत वृद्ध स्थपती पहाटेपासून छिन्नी चालवीत असेल आणि गळतीच्या तक्त्यात त्या कार्यशाळेपुढे शून्य लिहिले जाईल; मेण मळण्यास शेजारी कोणी मुलगा बसला आहे की नाही, हे मात्र तेथे जाऊनच पाहावे लागते.